पाचव्या मजल्यावरचं मलम

माणसाच्या अंगातला जोर वयाबरोबर हळूहळू ओसरतो, असं लोक म्हणतात. साफ खोटं. तो एका ठरावीक जागी उतरून जातो, बसमधून माणूस उतरावा तसा, मागे वळूनही न बघता. माझा तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर उतरला. लिफ्ट बंद होती, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या आणि वयानं मी पन्नाशीची निम्मी उतरण उतरलो होतो. वळणावर पिशव्या खाली ठेवल्या, भिंतीला टेकलो आणि मला एकदम रडू आलं. कारण विचाराल तर पिशवीतला एक बटाटा निसटून जिन्यावरून टप्‌टप्‌ खाली चालला होता, आणि तो मला फार एकटा वाटला.

त्या काळी मी कोण होतो हे सांगितल्याशिवाय या बटाट्याचं गांभीर्य तुम्हाला कळायचं नाही. मी आमच्या इमारतीचा भांडखोर होतो. हे पद सोसायटीच्या नियमांत नसतं, पण प्रत्येक इमारतीत भरलेलं असतं. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार ही शोभेची माणसं. टँकरवाला पाणी न देता पळाला, प्लंबरनं गळती तशीच ठेवून हात झटकले, की सेक्रेटरी माझं दार वाजवायचे. "जरा येता का? बोलायचंय." बोलायचंय म्हणजे मी बोलायचं. बाकीची कमिटी माझ्या पाठीमागे अर्धगोल करून उभी राहायची आणि मी श्वास घ्यायला थांबलो की "बरोबर आहे" म्हणायची. माझ्या एका गर्जनेनं समोरच्या इमारतीच्या नळाचं पाणी आमच्या टाकीत आल्याचं सांगतात. मी स्वतः पाहिलं नाही. मी तेव्हा ओरडत होतो.

ऑफिसातही माझं काम तेच. विमा कंपनीत मी दावे नाकारायच्या टेबलावर होतो. बटाट्याच्या प्रकरणानंतर मी प्रत्येक कागद वाचायचो, उसासा टाकायचो आणि मंजूर करायचो. एकाची मोटार तळ्यात पडली होती. त्यात मला मोटारीचीसुद्धा बाजू पटली. शेवटी साहेबांनी आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "तुम्ही या आठवड्यात एकही दावा नाकारला नाहीत. घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी ठीक नव्हतं. घरी सासूबाई होत्या. म्हणजे त्या होत्या म्हणून ठीक नव्हतं असं नाही. जावयाला हा खुलासा आधी करावा लागतो. ऐंशी ओलांडलेल्या, गुडघे असे की बसल्या तर उठवेना आणि उठल्या तर बसवेना, उजवा खांदा कायमचा धरलेला. त्यांची जगात एकच मैत्रीण उरली होती, तळमजल्यावरच्या मावशी. मावशींचे गुडघे त्याहून वाईट. लिफ्ट चालू होती तोवर सासूबाई रोज संध्याकाळी खाली जायच्या आणि दोघी फाटकाजवळच्या बाकावर बसून अख्ख्या इमारतीचं शवविच्छेदन करायच्या. लिफ्ट बंद पडली तशी एकीला चढवेना आणि दुसरीला उतरवेना. मग सासूबाई पाचव्या मजल्याच्या बाल्कनीत, मावशी खाली बाकावर, असा ओरडून कारभार सुरू झाला. पाच मजल्यांच्या अंतरावरून गुपितं सांगितली की त्यांची काय अवस्था होते ते चौथ्या मजल्यावरच्या सूनबाईंना विचारा. त्यांनी सासर बदलता येईना म्हणून पडदे बदलले.

अशात कळलं की मावशींना त्यांचा मुलगा कायमचा आपल्या गावी नेणार आहे. नातवंडांच्या परीक्षा संपल्या की निघायचं. सासूबाईंनी त्यावर त्रागा केला नाही. एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, ती जायच्या आत एकदा खाली बाकावर बसायचंय. ओरडून सगळंच बोलता येत नाही."

तेव्हा माझं काम स्पष्ट होतं. लिफ्ट कंपनीच्या साहेबाला फाडून खायचं आणि लिफ्ट चालू करून घ्यायची.

साहेब आला. हा माणूस गेले कित्येक महिने "पार्ट मागवलाय" या दोन शब्दांवर जगत होता. कमिटीनं अर्धगोल धरला. सेक्रेटरींनी माझ्या पाठीला हलकेच बोट लावलं, गाडीला चावी लावतात तसं. मी छाती भरून घेतली, तोंड उघडलं आणि आतून जे यायचं ते आलंच नाही. डब्यात हात घालावा आणि बूड लागावं, तसं झालं. समोर तो माणूस घामाघूम उभा होता, कॉलर झिजलेली, डोळ्यांखाली काळं. मी म्हणालो, "तुम्ही दमलेले दिसता. चहा घ्याल का?"

त्यानं चहा घेतला. वरिष्ठ कसे छळतात ते सांगितलं, पित्ताचा त्रास सांगितला. मी त्याचा हात हातात घेतला. जाताना तो डोळे पुसत गेला आणि लिफ्ट होती तशीच राहिली.

"हे काय होतं?" सेक्रेटरी म्हणाले.

"बिचारा," मी म्हणालो.

"बिचारा? आम्ही इथे उभे होतो. 'बरोबर आहे' म्हणायला जागाच मिळाली नाही आम्हाला!"

त्या संध्याकाळपासून माझ्या प्रकृतीवर इमारतीत जाहीर चर्चा सुरू झाली. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहायचे, आम्ही त्यांना हेडसर म्हणायचो. त्यांना जगातल्या प्रत्येक विषयावर एक परिच्छेद पाठ होता. जिन्यात मला गाठून ते म्हणाले, "पुरुषांनाही उतारवय असतं. बायकांचं एकदम थांबतं, आपलं ठिबकत जातं. चिडचिड, मरगळ, झोप, रडू, पोट सुटणं. आणि..." इथे त्यांनी खाली वर जिन्यात पाहून घेतलं, "इतर बाबतीत उदासीनता."

इतर बाबतीत मी बराच सज्जन झालो होतो, एवढं सांगून पुढे जातो.

तिसऱ्या मजल्यावरचा जिमवाला, ज्याला सगळे दंडोबा म्हणायचे, त्याचं निदान त्याहून झटपट. "अंकल, टेस्टोस्टेरॉन. गॅरंटी. माझ्याकडे पावडर आहे, दोन चमचे घ्या सकाळी. डब्यावर बघा, घोडा आहे."

"घोडा खातो का ही पावडर?"

"घोड्याला कशाला लागेल, अंकल?"

माझ्या बायकोनं हा संवाद वरून ऐकला आणि जिन्यातूनच निकाल दिला, "अहो, घोडा असलेलं काहीही घरात येणार नाही. सरळ डॉक्टरकडे चला."

डॉक्टर म्हणजे हार्मोनच्या खास डॉक्टरीणबाई होत्या. वयानं माझ्या पुतणीएवढ्या, बोलणं तारेसारखं, प्रत्येक शब्दाला जणू पैसे पडतात असं. 

"तक्रार?"

"मला भांडता येत नाही."

त्यांनी मान वर केली. माझ्या बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "ही तक्रार त्यांची आहे. माझी नाही. माझी एवढीच, की हे घोरतात आणि जाहिराती बघून रडतात."

"रागाचं औषध नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण थकवा, झोप, मन, बाकी इच्छा, यामागे हार्मोन असू शकतं. सकाळी लवकर, उपाशीपोटी रक्त द्या. ते सकाळी सगळ्यात जास्त असतं, दुपारचा आकडा फसवतो. कमी आलं तर परत एकदा तपासायचं. एका आकड्यावर मी औषध देत नाही."

"आणि पावडर?"

"बाहेरून फुकट माल यायला लागला की आतला कारखाना कुलूप लावून बसतो. पावडरवाल्याला सांगा."

मी दंडोबाला सांगितलं. तो त्या दिवशी जिमला गेला नाही.

रक्त दिलं. रिपोर्ट आला. त्यावर लाल बाण होता, वरच्या दिशेनं. जास्त! भयंकर जास्त! सामान्य मर्यादेच्या कितीतरी पट! आयुष्यात प्रथमच मी कशाच्या तरी कितीतरी पट होतो. मी खिडकीशी उभा राहून छाती फुगवली. बायकोनं चष्मा लावून वाचलं आणि शांतपणे म्हणाली, "वर 'स्त्री' लिहिलंय."

झालं असं होतं की वेळ बायकोनं फोनवरून घेतली होती, तिच्या नंबरावर, आणि प्रयोगशाळेच्या संगणकानं तिची जुनी नोंद उचलून तिच्या खाली माझं रक्त चिकटवलं होतं. बायकांच्या मापानं मी इमारतीतली सर्वांत दांडगी बाई होतो. पुरुषांच्या मापानं काठावरून खाली लोंबत होतो.

मी दुरुस्ती करायला गेलो. काचेपलीकडे एक तरुण बाई बसली होती.

"सिस्टीममध्ये पेशंट फीमेल आहे, काका."

"अहो, पण समोर कोण उभं आहे?"

"समोरचं सिस्टीम बघत नाही. पेशंटला पाठवून द्या, त्यांची सही लागेल."

"पेशंट मीच."

"मग त्या कोण?"

"त्या माझी बायको."

"मग रक्त कोणाचं?"

पूर्वीचा मी असतो तर ती काच, तो संगणक आणि कदाचित शेजारचं फुलझाडही जागेवर राहिलं नसतं. मी म्हणालो, "बरं," आणि बाकावर जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं आतून प्रयोगशाळेचे प्रमुख आले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. न्याहाळणं जरा जास्तच लांबलं, कारण मी नेमकी त्याच सकाळी गुळगुळीत दाढी केली होती. "तसे दिसतात पुरुष," ते अखेर म्हणाले. "करून टाका." तसे दिसतात! छापील शिक्क्याचं पुरुषत्व मी हातात घेऊन घरी आलो आणि पाच मजले चढलो.

दुसऱ्यांदा रक्त दिलं, या वेळी पुरुष म्हणून. आकडा पुन्हा खाली. डॉक्टरीणबाईंनी प्रोस्टेट तपासायला लावलं, रक्त दाट होतंय का ते पाहिलं, साखर पाहिली आणि माझं पोट अशा नजरेनं पाहिलं, की मी ते आत घेतलं. "खरं औषध तिथे आहे," त्या पोटाकडे बोट करून म्हणाल्या. "वजन कमी झालं, झोप सुधारली, तर बऱ्याच जणांचं हार्मोन आपोआप वर येतं. व्यायाम करता?"

"कुठला व्यायाम? लिफ्ट बंद आहे. दिवसातून कितीदा पाचवा मजला चढावा लागतो. खालून पाणी, भाजी, सासूबाईंची औषधं, मावशींकडून आलेले निरोप..."

"उत्तम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मला तो शब्द लागला. माणूस आपलं दुःख सांगतो आणि समोरचा उत्तम म्हणतो.

तरी दोन्ही आकडे कमी होते म्हणून त्यांनी त्या हार्मोनचं जेल दिलं. पांढरी बाटली, वर दाबायचा पंप. रोज सकाळी अंघोळीनंतर खांद्यांवर लावायचं, वाळू द्यायचं, हात साबणानं धुवायचे, वर सदरा घालायचा. "आणि नीट ऐका. बायका-मुलांचा त्याला हात लागता कामा नये. लावलेल्या कातडीलासुद्धा नाही." मी मान डोलावली. त्या काळात मी कशालाही मान डोलवायचो. हीच तर माझी तक्रार होती.

आता इथे मध्यमवर्गीय अब्रूचा प्रश्न आला. घरात सासूबाई. बाटलीवर सगळा मजकूर ठळक अक्षरांत. ती न्हाणीघरातल्या फळीवर ठेवायची कशी? मी बाटली कोमट पाण्यात धरली, नखानं लेबल सोलून काढलं आणि कोऱ्या बाटलीला एक नवीन ओळख दिली. सासूबाईंनी विचारलंच. त्या घरातली प्रत्येक नवी वस्तू हाताळून, वास घेऊन स्वीकारायच्या.

"हे काय हो, जावईबापू?"

"खांद्याचं मलम आहे, आई. पिशव्या वाहून खांदा धरलाय."

"गुण येतो का?"

माणसानं खोटं बोलावं, पण खोट्याची जाहिरात करू नये. मी म्हणालो, "विलक्षण गुण आहे."

"हो का," सासूबाई म्हणाल्या आणि उजवा खांदा चोळत आत गेल्या.

जगातल्या कुठल्याही घरात औषध ज्याचं त्याचं असतं. आमच्यासारख्या घरांत ते दुखण्याचं असतं. खोकल्याचं औषध, पोटाचं औषध, डोळ्यांचे थेंब. कुणासाठी आणलं याला महत्त्व नाही. ज्याला तो अवयव आहे त्याचा त्यावर हक्क. मी रोज सकाळी एकदा पंप दाबायचो आणि ऑफिसला जायचो. बायको तिच्या शाळेत. मागे घरात सासूबाई, त्यांचा धरलेला खांदा आणि विलक्षण गुणाचं मलम. थोडं वापरून काही होत नाही म्हटल्यावर त्यांनी ते भरपूर वापरलं.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की बाटली फार लवकर हलकी झाली. नवी आणली, तीही गळक्या भांड्यासारखी संपली. पुढे तर पंपातून नुसती फुस्‌ फुस्‌ हवा यायची. मी ती हवासुद्धा खांद्यांना लावायचो. वाटायचं, शेवटचा अंश त्यातच असेल. तिसरी मागायला डॉक्टरीणबाईंकडे जायची हिंमत होईना. त्या विचारणार, इतकी लावली कुठे?

मला गुण येत नव्हता. मी अजून दावे मंजूर करत होतो. पण घरात काहीतरी घडत होतं. सासूबाईंनी एक दिवस उठून स्वयंपाकघरातलं कपाट एकटीनं सरकवलं. कारण काय, तर पाठीमागे एक चमचा पडला होता. टीव्हीवरच्या माणसाशी त्या वाद घालू लागल्या आणि मी शपथेवर सांगतो, दोनदा तो माणूस बोलता बोलता अडखळला. मुख्य म्हणजे त्यांचा आवाज उतरला. पूर्वी किनरा होता, आता तो जाड, रुंद, विहिरीच्या तळातून यावा तसा यायला लागला. बाल्कनीतून त्यांनी "कशी आहेस गं?" म्हटलं की खाली उभ्या असलेल्या मोटारी केकाटू लागायच्या. एक मोटार तर म्हणे सुरूच झाली.

"आईचा घसा बसलाय वाटतं," बायको म्हणाली.

"बसलाय कुठे?" मी म्हणालो. "उठलाय."

इकडे परीक्षा संपत आल्या. मावशींच्या दारात खोकी दिसू लागली. सासूबाई बाल्कनीतून ती मोजायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. हे न बोलणं त्या मोटारींपेक्षा भारी पडत होतं. मी सेक्रेटरींना म्हटलं, लिफ्टवाल्याला परत बोलवा. ते म्हणाले, "चहा पाजायला?" पण बोलावलं.

तो आला. पुन्हा अर्धगोल. फाटकाजवळच्या बाकावर मावशी बसल्या होत्या, दोन्ही हात काठीवर ठेवून. मी त्यांच्याकडे पाहिलं, वर बाल्कनीकडे पाहिलं, दात आवळले आणि साहेबासमोर उभा राहिलो.

"तुमचं पित्त कसं आहे?" माझ्या तोंडून निघालं.

मागे सेक्रेटरींनी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"आता बरंय," साहेब खुशीत म्हणाला. "लिफ्टचं म्हणाल तर पार्ट मागवलाय."

तेवढ्यात आकाशातून प्रश्न आला. "कुठून?"

साहेब दचकला. आवाज वरून आला होता, पण भरून सगळीकडे राहिला होता. "ते... बाहेरून, साहेब."

"बाहेरून म्हणजे कुठून? गावाला नाव असेल ना?"

"ते ऑफिसला विचारून..."

"मागच्या महिन्यात आलास तेव्हा जहाजात होता. त्याआधी गोदीत होता. पार्ट आहे का प्रवासी कंपनी?"

"बरोबर आहे!" कमिटी एका सुरात ओरडली. किती दिवसांनी संधी मिळाली होती!

साहेब माझ्याकडे झुकून कुजबुजला, "कोण आहेत हे?"

मी उत्तर द्यायच्या आत हेडसर गंभीरपणे म्हणाले, "आम्ही त्यांचं नाव घेत नाही."

"थांब तिथेच," वरून आवाज आला. "खाली यायचंय मला."

मी गार पडलो. त्या बाईंच्यानं घराचा उंबरा ओलांडवत नव्हता, आणि मध्ये पाच मजले. मी जिन्याकडे धावलो. वरून माझी बायको ओरडली, "अहो, आई निघाली! हात लावू देत नाहीये!" आणि मग काठीचा आवाज सुरू झाला. ठक्‌. मग बराच वेळ काही नाही. मग ठक्‌. साध्या जिन्यात तो आवाज असा घुमला, की खाली उभ्या माणसाला वाटावं कोणीतरी अवाढव्य, अत्यंत संयमी माणूस सावकाश हिशेब चुकता करायला उतरतोय. साहेबाच्या कपाळावर घाम आला. चौथ्या मजल्यावर काठी थांबली आणि तो विहिरीचा आवाज म्हणाला, "थांब हं." 

साहेबानं फोन काढला. "हॅलो, तो पार्ट... नाही, समोरच्या इमारतीसाठी आणलाय तोच... अरे गाडीतच आहे ना आपल्या? मग काढ!"

काठी तिसऱ्यावर आली तोवर दोन कारागीर लिफ्टच्या खोलीकडे पळाले होते. दुसऱ्यावर आली तोवर हातोड्यांचे आवाज सुरू झाले होते. हेडसर म्हणतात, पहिल्या मजल्यावर काठी टेकली त्याच क्षणी लिफ्टचा दिवा लागला. मी तितकं म्हणणार नाही. थोडा वेळ मध्ये गेला असेल.

मग जिन्याच्या तोंडाशी सासूबाई दिसल्या. एवढीशी म्हातारी, पदर खोचलेला, घामानं चेहरा निथळतोय, एक हात कठड्यावर, मागे दोन पायऱ्यांवर माझी बायको रडकुंडीला आलेली. साहेब दोन पावलं मागे सरला आणि दोघींच्या मागून येणाऱ्या त्या अवाढव्य माणसाची वाट बघू लागला.

सासूबाई त्याच्या अंगावरून गेल्या. त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कमिटी बाजूला झाली. त्या बाकापर्यंत पोचल्या, काठी टेकवली आणि मावशींच्या शेजारी बसल्या. मावशींनी पदरानं त्यांचं कपाळ पुसलं.

"त्या माणसाला काही बोलायचं होतं ना तुम्हाला?" सेक्रेटरींनी नम्रपणे विचारलं.

"कुठल्या?" सासूबाई म्हणाल्या. "मी हिच्याकडे आलेय."

आणि मग दोघी इतक्या हळू बोलू लागल्या, की पहिल्यांदाच इमारतीत कुणाला काही ऐकू आलं नाही.

उरलेलं थोडक्यात. सासूबाईंच्या हनुवटीवर चार-पाच राठ केस दिसले, तेव्हा माझ्या बायकोनं न्हाणीघरातल्या रिकाम्या बाटल्या पाहिल्या, मला पाहिलं आणि आम्हा दोघांना डॉक्टरीणबाईंसमोर उभं केलं. सासूबाईंना तपासून बाहेर बसवलं. डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी शब्दांची काटकसर केली नाही. खोटं लेबल, औषधाची चोरटी फळी, म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर प्रयोग. "केस जातील. आवाज कदाचित असाच राहील," त्या म्हणाल्या.

"पण त्या पाच मजले उतरल्या," मी म्हणालो. "हे औषधच ना?"

"या औषधानं गुडघे वाकत नाहीत."

मग त्यांनी माझा नवा रिपोर्ट उघडला; त्यासाठी मी दोन दिवस आधी पुन्हा रक्त दिलं होतं. आकडा चांगला वर आला होता. वजन उतरलं होतं, घोरणं बंद होऊन कितीतरी दिवस झाले, असं बायकोनं सांगितलं. मी म्हटलं, "हवेचा गुण असेल." डॉक्टरीणबाईंनी तो विनोद पाहिलासुद्धा नाही. "शेवटचे कित्येक आठवडे तुम्ही औषध घेतलेलंच नाही. हा जिना आहे. जेल बंद. लिफ्ट सुरू झाली तरी तुम्ही जिन्यानंच जायचं."

म्हणजे ज्या लिफ्टसाठी माझी एवढी बेइज्जती झाली, तिच्यात इमारतीतल्या एकट्या मला बंदी!

घरी येऊन मी सासूबाईंसमोर बसलो आणि सगळं खरं सांगून टाकलं. ते मलम खांद्याचं नव्हतं, पुरुषांचं होतं, माझ्यासाठी होतं.  तो मावशींचा इमारतीतला शेवटचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी येणार होती.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "माझ्या खांद्याला अजून औषध मिळालंच नाही?"

"नाही, आई."

"तरीच मेला काडीचा गुण नाही." त्या काठी घेऊन उठल्या. "चला. ती वाट बघत असेल."

त्या लिफ्टमध्ये शिरल्या. मी बाहेर उभा राहिलो. "मला जिना सांगितलाय," मी म्हणालो.

"मग या मागून," त्या म्हणाल्या आणि बटण दाबलं.

त्यांना एकटं सोडायचं नाही, असं बायकोचं फर्मान होतं. मी धावत सुटलो. मजल्यामागून मजला, शेजारून लिफ्ट आपली संथ चाललेली, आतून त्यांचं गुणगुणणं येतंय. खाली पोचलो तेव्हा मी लोहाराच्या भात्यासारखा धापा टाकत होतो, आणि त्या कधीच बाकावर जाऊन टेकल्या होत्या. मावशींनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं.

"अगं, जावयांना काय झालं?"

सासूबाई हळूच बोलायचं म्हणून मावशींच्या कानाशी झुकल्या, पण त्या आवाजाला आता हळू म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. अख्ख्या इमारतीच्या बाल्कन्यांनी ऐकलं.

"काही नाही गं. वयाचं आहे."